म्हशीच्या मागोमाग दमणगंगेत

मला पोहता येतं, असं मी सायली गावातल्या आमच्या कारखान्यात सांगून ठेवलं होतं. ते अर्धं खरं होतं. पुण्यात तलावाच्या उथळ बाजूला मी झकास पोहायचो; फक्त मधूनमधून पायाचा अंगठा तळाला टेकवून खात्री करून घ्यायचो. शिकवणारे ओरडायचे, "अरे, पाणी छातीएवढं असो की दोन पुरुष, माणसाला ते सारखंच उचलतं!" डोक्याला हे पटलं होतं. अंगठ्याला कधीच पटलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. मी शिफ्टचा सुपरवायझर, टोकरखाड्यात एक खोली, आणि सुट्टीच्या दिवशी बोलायला कोणी नाही. सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं की दिवसभराचं बोलणं संपलं. एकदा मी रेडिओवरच्या बातम्यांना मोठ्यानं उत्तरं देत बसलो, तर शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. तेवढाच शेजारधर्म.

म्हणून आमच्या खात्यातला धुळ्याकडचा टर्नर एकदा म्हणाला, "साहेब, सुट्टीले नदीवर या ना. आम्ही तिघं-चौघं जातो, भाकरी तिथंच टाकतो," तेव्हा मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी म्हणालो, "बघतो. पण पाणी खोल आहे ना? उथळात मला मजा येत नाही."

दमणगंगेवर पोचलो तर मंडळी कंबरभर पाण्यात बसून एकमेकांच्या पाठी घासत होती. पोहता त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं. मला त्यांच्यात जाऊन बसायचं होतं. माझ्या पाठीलाही साबण चालला असता. पण टर्नर ओरडला, "सरका रे! साहेब पोहणार!" आणि सगळे आदरानं सरकले.

आता आली का पंचाईत! तेवढ्यात बाजूनं म्हशी पलीकडच्या काठाला निघाल्या. नाकं वर, चेहरे लग्नाला निघाल्यासारखे निवांत. मी इंजिनिअरी हिशेब केला: एवढा निवांत चेहरा म्हणजे पाय जमिनीवर, म्हशीचे पाय टेकतात तिथे माझे टेकणारच. शेवटच्या म्हशीमागे मी ऐटीत हात मारत निघालो.

मध्यावर अंगठा खाली सोडला. खाली काही नव्हतंच.

पायाखालची जमीन सुटली तरी म्हशीचा चेहरा बदलत नाही, हे मला नाकातोंडात पाणी गेल्यावर कळलं. पाठ वर दिसते तोवर ती चालत असते. पाठ बुडून नुसतं तोंड आणि शिंगं उरली की पोहत असते. माणसाचं उलटं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. माझी पाठ मात्र काठाकडे होती, म्हणून अब्रू वाचली. मी पाण्याखाली हात घालून म्हशीची शेपटी पकडली. तिनं एकदा फुस्स केलं आणि मला ओढत पलीकडे नेऊन टाकलं.

अलीकडून टाळ्या आल्या. लांबून त्यांना शेपटी दिसलीच नव्हती.

"भारी साहेब! या आता परत, भाकरी गरम आहे!"

"तुम्ही बसा जेवायला!" मी हात हलवला. "मी जरा इकडे फिरतो!"

मग ओल्या चड्डीत, अनवाणी, लांबच्या पुलावरून वळसा घालून मी परतलो, तोवर मंडळी गेली होती. माझ्या कपड्यांवर कागदात बांधून भाकरी आणि ठेचा ठेवला होता. एकट्यानं खाल्ला. फार तिखट होता.

पुढच्या सुट्टीला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही दिवस मी खोलीत छताकडे बघत पडून होतो. शेवटी टर्नरच्या लेथपाशी रेंगाळत मीच विचारलं, "काय हो, नदीवर जाणं बंद केलंत का?"

"नाही ना साहेब. परवाच जाऊन आलो. भरीत केलं होतं. सगळ्यांनी तुमची आठवण काढली." त्यानं हात पुसले. "पण म्हटलं, साहेब एवढे पट्टीचे पोहणारे, त्यांना आपल्या कंबरभर पाण्यात कुठं बसवता? ते असतील पलीकडं, खोल पाण्यात. होते ना?"

"होतो ना," मी म्हणालो. "पलीकडेच होतो."