मंजुळेचा रोट

"आधी ती घागर खाली ठेव," मी निखिलला म्हणाले. "कमरेवर घागर घेऊन कुठलीही बाई तापीवरून उडी मारत नाही."

"मॅडम, घागरीमुळे ती गावाकडची वाटते."

"आणि तलवारीमुळे लढणारी वाटते. दोन्ही हात अडकले. मग दोर कशानं धरणार? दातांनी?"

निखिलनं स्क्रीनवरची घागर पुसली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची कंपनी म्हणजे जळगावात एका कापड दुकानावरच्या दोन खोल्या. एरवी आम्ही केळीच्या व्यापाऱ्यांना आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांना हिशेबाचे प्रोग्रॅम करून द्यायचो. त्यात धुळ्याचे नाना आले. नाना शाळांना पुस्तकं पुरवायचे. शाळांमध्ये कॉम्प्युटर येऊ लागले होते आणि नानांना मुलांसाठी गेमची सीडी काढायची होती. त्यांची अट एकच होती, हिरोईन आपल्या खानदेशातली पाहिजे. आमचे मालक चौधरी सर यांनी जन्मात गेम खेळला नव्हता, त्यामुळे ते लगेच हो म्हणाले.

चित्रं काढायला पुण्याहून निखिल आला. गोष्टही त्यानंच लिहायची होती. माझं काम रिव्ह्यूचं. म्हणजे पात्र तयार झालं की त्यात चुका काढायच्या. घरी ज्या गुणाबद्दल मी बोलणी खाल्ली, त्याचा इथं पगार मिळत होता.

गेममधल्या हलत्या चित्राला स्प्राइट म्हणतात. आमचं स्प्राइट बोटाच्या पेराएवढं. सगळं चित्र ठिपक्यांचं, त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणायचं. चेहऱ्याच्या वाट्याला इतके थोडे ठिपके येतात की त्यात डोळे बसवले तर नाकाला जागा उरत नाही. निखिलनं तिला हिरवा चुडा भरला होता. केळीच्या बागेतून पळताना तिचे हात मनगटापासून गायब व्हायचे. मी चुडा लाल करायला लावला. रात्रीच्या लेव्हलमध्ये तिचं निळं लुगडं आभाळात मिसळून जायचं आणि नुसतं डोकं धावत जायचं. तेही बदललं.

तिचं नाव मंजुळा. चित्रानंतर तिची बॅकस्टोरी माझ्याकडे आली. बॅकस्टोरी म्हणजे गेम सुरू होण्याआधी पात्राच्या आयुष्यात काय घडलं ते. खेळणाऱ्याला ती सगळी दिसत नाही, पण पात्र का धावतंय हे ती ठरवते. मंजुळेचं सासर सातपुड्यापलीकडे. तिथले लोक वाईट. एक दिवस ती नवऱ्याची तलवार घेऊन घर सोडते. डोंगर उतरते, शिरपूर मागे टाकते, तापी ओलांडते आणि श्रावणात, कानबाईच्या दिवशी, माहेरी पोचते. कानबाईसमोरचा रोट खाते. रोट खाल्ला की तिची शक्ती पूर्ण भरते आणि शेवटच्या लढाईला ती उभी राहते.

निखिलला कानबाई ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याला ती जळगावातल्या घरमालकिणीनं सांगितली होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, म्हणजे नारळाला नथ घालून देवी मांडतात. सगळी भावकी एका घरात जमते. नोकरीला लांब गेलेले लोकही रजा काढून येतात. घरातल्या माणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात, दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. ते घरच्यांनीच खायचे. बाहेर कुणाला द्यायचे नाहीत.

घरमालकिणीनं एवढं सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती सांगायची असते हे तिच्या डोक्यातच आलं नसेल. आमच्यात लग्न झालेली लेक माहेरचा रोट खात नाही. ती दुसऱ्या घरची झाली. तिच्या नावाची मूठ सासरी.

निखिलच्या गोष्टीत ही धडधडीत चूक होती आणि ती मला वाचताक्षणी दिसली.

आता माझंही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं माहेर पहूरचं, सासर शिरपूरकडचं. सासर मी सोडलं होतं. का सोडलं, तो या लेखाचा विषय नाही. पहूरला परत जाऊन भावजयीच्या संसारात बसायचं नव्हतं, म्हणून जळगावातच पिंप्राळ्यात खोली घेऊन राहत होते. भाऊ चांगला आहे. दरवर्षी कानबाईच्या दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवरून डबा घेऊन यायचा. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. रोट नसायचा. तो विसरायचा असं नाही आणि मी विचारायचे नाही. तो गेला की मी डबा उघडून बसायचे आणि मला इतकं एकटं वाटायचं की भूकच मरायची. उपाशी ठेवलं म्हणून रडता येतं. एवढा भरलेला डबा समोर असताना कुणाला काय सांगणार?

मी रिव्ह्यू लिहिला. घागर, चुडा, लुगडं, तलवारीची लांबी, सगळं लिहिलं. मंजुळा सातपुडा उतरून थेट शिरपुरात पोचते, मध्ये तिला पाणी प्यायला तरी थांबव, हेही लिहिलं. रोटाचं लिहिलं नाही. मुद्दाम. कुठेतरी एक बाई सासर सोडून माहेरी येते, आणि तिच्यासाठी मूठ काढून ठेवलेली असते. भले ती पेराएवढी असो. मला ते बघायचं होतं.

मंजुरीसाठी आम्ही तिघं एसटीनं धुळ्याला गेलो. निखिल कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि चौधरी सर वाटभर त्याला "सांभाळून" म्हणत होते. नानांनी मंजुळेला मान्यता दिली तरच काम पुढे जाणार होतं. नाही दिली तर आमचं गेमचं खातं बंद, निखिल पुण्याला आणि मी परत जिनिंगच्या हिशेबात.

नानांच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही मशीन मांडलं. नाना खुर्ची ओढून अगदी पुढे बसले. मंजुळा डोंगरावरून उडी मारून उतरली तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. शिरपूर दिसल्यावर म्हणाले, "हाई आपलं शिरपूर शे!" तापी ओलांडली तेव्हा त्यांनी पायही वर घेतले. चौधरी सरांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

मंजुळा माहेरच्या दारात पोचली. आत कानबाई मांडलेली. निखिलनं नारळावर नथ फार सुरेख काढली होती. मंजुळेनं रोट उचलला.

"थांबा," नाना म्हणाले.

निखिलनं खेळ थांबवला. रोट मंजुळेच्या तोंडाजवळच राहिला.

"हिनं लगीन व्हयेल शे ना?"

"हो," निखिल म्हणाला.

"मंग हाई माहेरना रोट कशी खाई राहिनी?"

निखिलला कळेना. नाना माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तं पहूरना. तुमले माहीत नई?"

"माहीत आहे नाना."

"मंग?"

"राहू दे म्हटलं. गेम तर आहे."

चौधरी सर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी हिशेबात शून्य चुकवलंय. नाना मात्र रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "गेम शे, पन घरोघर जाई ना ताई. बाया हसतीन आपले."

निखिलनं विचारलं, "मग तिनं रोट खायचा कुठे?"

"सासरले."

"पण सासर तर ती सोडून आलीय."

नाना विचारात पडले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्यापुढे हा प्रश्न आजवर आलाच नसावा. शेवटी म्हणाले, "मंग तिना नावनी मूठ कोठेच नई."

मी स्क्रीनकडेच बघत बसले. खोलीतल्या कुणाला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. चौधरी सरांना थोडंफार असावं, कारण ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

"पुरणपोळी खाऊ द्या," नाना घाईघाईनं म्हणाले. "खीर खाऊ द्या. बठ्ठं खाऊ द्या. रोट तेवढा नको."

माझ्या भावाचाही हाच हिशेब होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, पुरणपोळीनं तिची शक्ती भरत नाही."

मग चौधरी सरांनी मालकाचं काम केलं. "असं करू," ते म्हणाले, "लग्नच काढून टाकू. निखिल, किती काम आहे?"

निखिलनं चित्र मोठं केलं. मंजुळेच्या गळ्याशी चार काळे ठिपके होते. तेच मंगळसूत्र. कपाळावरचं कुंकू कुमारिकेलाही चालतं, ते तसंच राहिलं. चार ठिपक्यांना कातडीचा रंग दिला की काम झालं. चहा येईपर्यंत त्यानं ते केलं. मंजुळेनं रोट खाल्ला. शक्तीची लाल पट्टी टोकापर्यंत भरली.

"आते कसं!" नाना खूश झाले. "आते घरनी पोर शे."

बॅकस्टोरी मी दुरुस्त केली. सासरच्या जागी मामाचं गाव लिहिलं, नवऱ्याची तलवार मामाची केली. वाईट लोक होते ते ठेवले, फक्त नातं बदललं.

सीडी निघाली. बऱ्याच शाळांनी घेतली, मुलांना ती आवडली आणि एकाही बाईनं हसून नावं ठेवली नाहीत. नानांचं व्यवहाराच्या दृष्टीनं बरोबरच होतं. मी पुढेही बरीच वर्षं या धंद्यात काढली. नवीन मुलं विचारतात, मॅडम, पात्र तपासताना आधी काय बघायचं? मी सांगते, ती कुणाशी लढते ते नंतर बघा. लढून परत आल्यावर तिला कोणत्या घरात पान वाढलेलं आहे ते आधी विचारा. उत्तर येत नसेल तर गोष्ट अडते. मग चार ठिपक्यांचे रंग बदलायचे आणि पुढे जायचं. पात्रांची तेवढी सोय असते.