दोन बोटांवर विमान

"बाप बोलू शकत नाही आणि पोरगी बोलत नाही. वहिनी, निदान टीव्ही तरी मोठ्याने लावत जा गं!"

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती आणि स्वतःच हसत होती. कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिथलं सगळं हॉलमध्ये ऐकू येतं. मी जमिनीवर बसून विमानाच्या पंखावर टेप लावत होते, बाबा समोर खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेपकडे पाहिलं.

पावसाळ्याच्या आधी बाबांना स्ट्रोक आला होता. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. "अरे" एवढा एकच शब्द राहिला. चहा हवा असला तरी अरे, चहाने तोंड भाजलं तरी अरे. समजत मात्र त्यांना सगळं होतं, आणि तेच बघवायचं नाही.

त्याआधी ते अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. मी शाळेत असल्यापासून सुट्टीच्या सकाळी आम्ही दोघं मांजर्लीच्या पुढे, नदीकडच्या मोकळ्या जागेत रिमोटची विमानं उडवायचो. तिथे गवतच गवत, त्यामुळे विमान हातानेच हवेत फेकावं लागायचं. रिमोट बाबांकडे, विमान माझ्याकडे. मोटर फिरायला लागली की ते वाऱ्याकडे तोंड करून थांबायचे आणि मग ओरडायचे, "फेक गं!" वर्गात उत्तर येत असलं तरी मी कधी हात वर केला नाही, पण त्या ओरडण्यावर मी जीव खाऊन धावायचे. विमान वर स्थिरावलं की ते रिमोट माझ्या हातात द्यायचे.

उल्हासनगरच्या स्पीच थेरपिस्ट बाई एकदा म्हणाल्या, "वर्षानुवर्षं ठरलेल्या वेळी तोंडातून निघालेला शब्द कधीकधी आपोआप येतो. आकडे, आरती, अगदी शिवीसुद्धा." आईने रोज त्यांच्यासमोर आरती म्हटली. बाबा डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचे. शब्द आला नाही.

मी कपाटावरचा खोका खाली काढला. आजारपणाच्या आधी त्यांनीच मागवलेलं फोमचं किट होतं ते. कशासाठी जोडतेय ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईसुद्धा वाट बघत बसली असती.

थेरपीहून परतताना मी तिथल्याच एका दुकानातून आत धागे असलेली पॅकिंगची टेप घेतली. "बेटा, पार्सल कितने किलो का है?" सिंधी काकांनी विचारलं.

"हलका है," मी म्हटलं.

किटमधल्या सूचना इंग्रजीत होत्या. मी त्या मराठीत सांगायचे, आणि बाबा कंटाळून नजर वळवायचे, कारण त्यांना आधीच माहीत असायचं. पंखाच्या खोबणीत कार्बनची काडी बसवली. गोंद फोमला चालणारा होता. झटपट चिकटणारा साधा गोंद थर्माकोल खातो, हे आम्ही पूर्वी एक अख्खी शेपटी विरघळवून शिकलो होतो. गोंद वाळला की बाबा डाव्या हाताने पंख हलकेच वाकवून बघायचे, आणि जिथे तो जास्त लवेल तिथे नखाने टिचकी मारायचे. तिथे टेप. उतरताना गवतात घासणाऱ्या पोटालाही टेप. शेपटीला लावायला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. मागे वजन नको.

शेवटी तोल बघायचा होता. दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवून विमान उचलायचं. ते नेहमी स्वतःच्याच दोन हातांनी उचलायचे. या वेळी एक बोट त्यांचं, एक माझं. नाक वर गेलं. मी बॅटरी पुढे सरकवली. पुन्हा उचललं आणि विमान आमच्या बोटांवर सरळ राहिलं. खाली ठेवायची घाई दोघांनीही केली नाही.

थंडीत गवत सुकल्यावर आम्ही तिघं रिक्षाने गेलो. बाबांना घडीच्या खुर्चीत बसवलं. आता रिमोट माझ्याकडे आणि विमान आईकडे. आईने आयुष्यात पहिल्यांदा ते हातात घेतलं होतं.

"कसं धरू? पोळपाटासारखं?"

"पोटाखाली धर. नाक जरा वर."

मी मोटर सुरू केली. आई दचकली, पण हात खाली घेतला नाही. "टाकू?" ती ओरडली.

मी बाबांकडे बघत राहिले. त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं, पूर्वी करायचे तसंच. डावा हात वर उचलला. मान ताठ झाली, 'फ' म्हणताना जातो तसा खालचा ओठ दातांखाली गेला.

"अरे," ते म्हणाले.

पुन्हा ओठ दातांखाली. "अरे. अरे."

"अगं, टाकू का? हात दुखतोय माझा!"

बाबांचा उचललेला हात खाली आला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते विमानाकडेच बघत होते. मग नजर न हलवता त्यांनी माझ्या कोपराला नखाने टिचकी मारली. पंखाला मारायचे तशीच.



"फेक गं!" मी ओरडले. "फेक, आई!"