गुपिताचं ॲप आणि उघडी ग्रामसभा

किस्से आम्ही जमवत नाही. माळावरून चालताना कुसळं चिकटावीत, तसे ते चिकटतात!

रविवारी आम्ही तिघं पेण-रोह्याकडच्या गावांत दोन फुकटची ॲप्स दाखवत फिरतो. मी, रोह्याच्या शिक्षिका वैशालीताई आणि डोलवीला कंपनीत शिफ्ट करणारा प्रशांत. एका ॲपवर ग्रामसभेचं रेकॉर्डिंग कुणीही ऐकावं. दुसऱ्यावरचा मेसेज ज्याचा त्यानेच वाचावा. बास, एवढंच समजवायचं असतं!

*

एका गावात (नाव नको!) प्रशांतने रेकॉर्डिंग सुरू केलं. सरपंच गरजले, "आमच्याकडे लपवायसारखं कायच नाय!" टाळ्या पडल्या. मग प्रशांतकडे वाकून हळूच म्हणाले, "आता ते बंद कर. पुढचा विषय टाकीचा हाय."

हेही रेकॉर्ड झालं. सध्या ती उपसरपंचांची रिंगटोन आहे!

*

रोहा स्टँडवर एका मावशींना आपोआप पुसला जाणारा मेसेज शिकवला. त्यांनी तो बहिणीला पाठवला आणि लगेच फोन लावला. "गो शेवंते, गुपित हाय, कोणाला दाखवू नको! बिगीबिगी वाच, पुसला जातो. चष्मा नाय? थांब, मीच वाचते!"

भाचीचं लग्न ठरत होतं. अख्ख्या स्टँडने ऐकलं. बाकड्यावरच्या एका काकांनी विचारलं, "पण मुलगा करतो काय?"

*

वैशालीताईंच्या शाळेत मुख्याध्यापकांबद्दल मोकळेपणी बोलायला शिक्षकांनी मेसेजच्या ॲपवर गुप्त ग्रुप काढला.

"ॲडमिन कोण?" मी विचारलं.

"मुख्याध्यापक. सगळ्यांत सीनियर तेच ना!"

*

प्रशांतने स्वतःच्या फोनमधल्या ॲपला कुलूप लावलं. बायको म्हणाली, "लपवायचं नाय, तर कुलूप कशाला?" त्याने ऐटीत उघडून दिलं.

तिने सगळं पाहिलं आणि फोन परत केला. "लय सेफ हाय हो. माझे मेसेज तुम्हीपण उघडलेले नाय!"

*

धरमतरच्या खाडीकाठी दामूदादा आणि गजा हे सख्खे भाऊ. सामायिक होडीवरून फाटलं आणि बोलणं कायमचं बंद झालं. आई अंथरुणाला खिळलेली, दामूदादाकडे. तिच्या औषधांचं तरी एकमेकांना कळवावं म्हणून दोघांनी ॲप घेतलं.

मी सांगितलं, "मधे तिसरा कोणी नाही ना, हे बघायला दोन्ही फोनवरचा लांबलचक नंबर जुळवावा लागतो. समोरासमोर बसून."

"तोंड बघायला नको म्हणून तर ॲप घेतलं!" दामूदादा भडकला.

शेवटी त्याच्याच अंगणात दोघं पाठीला पाठ लावून बसले. दामूदादा वाचायला लागला.

"सात."

"सात नाय, दोन हाय!"

"तुला पयल्यापासून आकडे येत नाय!"

"शिकवले कोणी? तूच ना!"

आवाज चढले. आतून आईने विचारलं, "कोण आलाय गो?" सुनेने आधणात आणखी एका कपाचं पाणी ओतलं.

मी वाकून दोन्ही फोन पाहिले. आकड्याला आकडा जुळत होता.

"अहो, जुळलाय की!"

दामूदादाने फोन पालथा घातला. "नाय जुळला. उद्या परत बघू."

"व्हय," गजा म्हणाला. "उद्या येतो."