पानांना पाजलेलं

बांधापलीकडच्या सुमनताई ऊन चढायच्या आत अश्वगंधेवर खताच्या पाण्याची फवारणी करत होत्या. पाठीवर पंप, आणि डाव्या हाताने पानं उलटी करून खालच्या अंगाला बारीक फवारा.

"अश्वगंधेचं तर मूळ औषधाला लागतं, मग खत पानांना कशाला?" मी उगाच शहाणपणा केला.

"मुळं ओढेनाशी झाली की पानांना पाजायचं, दादा. खाली पोचतं ते."

शेवटच्या दिवसांत आईला गिळता येईना, तेव्हा मी ओल्या कापसाने तिचे ओठ भिजवायचो. दिवसभर, पुन्हा पुन्हा. आत काही पोचत असेल, असं वाटायचं.

"आणि पानं पिवळी पडल्यावर मारलं तर?" मी विचारलं.

ताईंनी फवारा थांबवला.

"मग नुसती पानं ओली होतात," त्या म्हणाल्या. "तरी हात थांबत नाही."