देवरे सर आणि न खणलेले टेकाड

देवरे सरांचा आणि माझा परिचय एका ढेकळामुळे झाला. नव्वदचे दशक नुकते लागले होते आणि मी सुरतेच्या आमच्या महाविद्यालयात भाषा शिकवायला नवाच आलो होतो. भूगोलाचे देवरे सर आले, माझ्यासमोरच्या उत्तरपत्रिकांवर मातीचे ढेकूळ ठेवून म्हणाले, "रविवारी चला. हे वाचायचंय."

"सर, मी भाषेचा माणूस."

"म्हणूनच. मातीचा माणूस आधीच मिळालाय मला."

उत्तरपत्रिका झटकत मी मनात चरफडलो आणि रविवारी निमूट त्यांच्यामागे निघालो.

सुरतेच्या आसपासचा मुलूख कसा घडला, माणसे कुठे वसली, कुठून उठली, हा सरांचा ध्यास. त्यासाठी मातीचा, खापरांचा आणि भाषेचा असे तीन जाणकार त्यांनी एका जीपमध्ये कोंबले. संध्याकाळी चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, प्रत्येकाने दुसऱ्याच्या विषयावर बोलायचे, हा त्यांचा दंडक. मी वाळूवर बोलायचो, मातीवाले गावांच्या नावांवर. "चुका दुसऱ्याच्या विषयात करा," सर म्हणत, "स्वतःच्या विषयातल्या माणूस झाकून ठेवतो." मला बरेच दिवस हा पोरखेळच वाटला.

नवागामच्या पलीकडे एक टेकाड होते. तिथे फार जुनी वस्ती असावी, असे खापरे सांगत होती. खोदकाम होईपर्यंत ते विकणार नाही, असा शब्द सरांनी जमीनमालक ठाकोरभाईंकडून घेतला होता. सरांची सारी उमेद त्या टेकाडात होती.

अशात ठाकोरभाईंनी टेकाडाखालची सखल जमीन लूमवर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबांना घरांसाठी द्यायचे ठरवले. खुंट्या ठोकल्या गेल्या. नेमके तेव्हाच आमचे धागे जुळले. खालच्या काळ्या मातीच्या पोटात नदीची वाळू होती. खापरे वर टेकाडावर ढिगाने, खाली एकही नाही. आणि नदी लांब असूनही गावचे म्हातारे त्या शेताला 'ओवारो', म्हणजे नदीचा घाट, म्हणत. नदीचे जुने पात्रच ते. मोठ्या पुरात पाणी तिथे शिरणार, हे उघड होते.

सरांनी तिथे जाऊन हे सरळ सांगितले. हातात दोरी घेऊन आपल्या घराची जागा आखणाऱ्या सखूबाई उठून उभ्या राहिल्या. "सर, मंग आम्ही कथा जावो?"

कुठे जावे, या प्रश्नावर सरांनी टेकाडाकडे पाहिले. मग म्हणाले, "वर."

ठाकोरभाई चक्रावले. "साहेब, तमे तो ना पाडता हता!"

"होय, मीच नको म्हणत होतो. आता तुम्हाला शब्दातून मोकळं केलं."

मी मात्र संतापलो. जीपमध्ये बोललोच, "सर, हातातोंडाशी आलेला घास हा!"

"पूर्वीची माणसं वर का राहिली, ते आपल्याला कळलं," सर म्हणाले. "तरी आजच्यांना खाली राहू द्यायचं, तर शिकलो कशाला?" त्यांचे डोळे भरून आले होते.

घरे टेकाडावर झाली. पुढे पूर आला तेव्हा सखल जमीन बुडाली, पण पाणी टेकाडाच्या पायथ्याशी थांबले. सर हे कुठल्या भाषणात सांगत नाहीत, म्हणून मी इथे सांगितले.

आता टेकाडावर कुणी खोली वाढवायला पाया खणला की आधी सरांना निरोप जातो. सर डोक्याला रुमाल बांधून काठावर बसतात. सखूबाई आणि शेजारणी खापरे धुऊन, वरच्या थरातली वेगळी, खालच्या थरातली वेगळी, अशी ओळीने मांडतात. टेकाडाचे खोदकाम असे पायापायाने चालले आहे.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि टेकाड अजून बरेच शिल्लक आहे. ते पुरे उलगडेपर्यंत सरांना निरोगी आयुष्य लाभो. आणि टेकाडावरच्या मंडळींना हात जोडून विनंती, खोल्या वाढवायची मुळीच घाई करू नका.