वसमतचे रऊफभाई आणि इंजिनाची ताकद

आज दुपारी मेव्हण्यासोबत, प्रशांतसोबत, वसमतच्या गॅरेजात गेलो होतो. त्याला त्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारला इंजिनात जादा हवा दाबणारा मोठा टर्बो बसवून ताकद दुप्पट करायची होती. मेकॅनिक रऊफभाईंनी इंजिन खोलून त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य लोखंडी भाग, मोकळा ठेवला होता.

"भाई, ब्लॉकला किती ताकद झेपंल?" प्रशांतनं विचारलं.

"पुस्तकातला आकडा नव्या ब्लॉकचा हाय. ह्याचं ह्यालाच इचारू."

त्यांनी ब्लॉकला रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची भुकटी भुरभुरली. आमचा चहा होईपर्यंत दोन सिलिंडरांच्या मधे, पांढऱ्या भुकटीत केसाएवढी ओली रेघ उमटली. तड्यात मुरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं.

"हाय त्या ताकदीलाच हा थकून राहिला. आनखी दाब दिला तर रस्त्यात फुटंल, अन् मागं तुमची लेकरं बसलेली असतील."

"पण नांदेडचा एक जण करून देतो म्हणतोय."

"मंग त्याला म्हणा, पयली चक्कर तूच मार."

प्रशांत हसला, मग वाकून त्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, "दुसरा ब्लॉक बघा भाई. टर्बो ऱ्हाऊ द्या."

हातात आलेलं मोठं काम असं पुराव्यानिशी नाकारणारा कारागीर तुम्हाला कधी भेटलाय का?