डेरेकचं कुलूप

माझा जावई नील कौन्सिलमध्ये नोकरीला आहे. मुलांची खेळायची मैदानं तपासणं हे त्याचं काम. झोपाळ्याची साखळी किती झिजली, घसरगुंडीच्या कडेला कोटाची दोरी अडकेल का, दोन गजांमध्ये मुलाचं डोकं जाईल का आणि गेलं तर परत निघेल का, हे तो दिवसभर बघतो. डोक्याच्या आणि बोटाच्या मापाचे ठोकळे त्याच्या बॅगेत असतात. नॉटिंगहॅममधल्या बऱ्याच आयांना ठाऊक नाही की आपलं मूल संध्याकाळी धडधाकट घरी येतं त्यात नीलचा काही वाटा आहे. नीलही सांगत नाही. कुणी विचारलं तर ‘पार्क्स’ एवढंच म्हणतो आणि लोकांना तो माळी वाटतो.

अक्षरानं, म्हणजे माझ्या मुलीनं, त्याला पहिल्यांदा आमच्या घरी आणलं तेव्हा माझे यजमान हयात होते. नीलनं चहा घेतला, कप बशीत नीट ठेवला आणि म्हणाला, “काका, माझ्याकडे एक साप आहे. लेट सांगितला तर तुम्हाला वाटेल मी लपवला.”

यजमान भूलतज्ज्ञ होते. चटकन काही बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आधी आपला चहा संपवला, मग विचारलं, “विषारी?”

“नाही.”

“बरं. मग आता नोकरीचं सांग.”

मुलगी द्यायची की नाही, याची चर्चा आमच्या घरी एवढीच झाली.

सापाचं नाव डेरेक. नील हीथ्रो विमानतळाजवळ हाउन्सलोला शाळेत असताना त्याच्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील स्पेनला राहायला गेले आणि त्यांना साप नेता येईना, म्हणून तो नीलकडे आला. कॉर्न स्नेक म्हणतात त्या जातीला. केशरी अंगावर तांबडे ठिपके, लांबी साडेचार फूट, स्वभाव पेन्शनरासारखा. नीलचे वडील हीथ्रोला कार्गोत होते. ते आदल्याच वर्षी वारले होते. विहीणबाईंनी, सुप्रभाताईंनी, सापाला घरात घ्यायला साफ नकार दिला. बागेच्या टोकाला शेड होती, तिथं त्याची सोय झाली. सापाला ऊब लागते म्हणून शेडमध्ये हीटर आला, आणि हीटर आहे म्हणून नीलही तिथंच अभ्यासाला बसू लागला. जेवायची वेळ झाली की विहीणबाई स्वयंपाकघराच्या खिडकीवर पळी वाजवत. शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. नीलचं म्हणणं, त्याचं मराठी कच्चं राहिलं ते तिथं. संध्याकाळचं सगळं बोलणं तो सापाशी करी, आणि साप इंग्लिश होता.

पुढे नील नॉटिंगहॅमला शिकायला आला तो डेरेकला घेऊन. हाउन्सलोला जाणं मग दिवाळी आणि ख्रिसमसपुरतं राहिलं. विहीणबाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. निदान माझ्याजवळ तरी नाही.

यजमान गेल्यावर मी अक्षराकडे राहायला आले. सिया तेव्हा व्हायची होती. सियाच्या जन्मानंतर हेल्थ व्हिजिटर बाई घरी आल्या. त्यांनी बाळाचं वजन केलं आणि मग साप बघितला. सापाच्या अंगावर एक जंतू असू शकतो, पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा फार त्रास होतो, तेव्हा सापाशी त्यांचा संबंध न आलेला बरा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. अक्षरा फार्मसिस्ट आहे, तिला हे माहीत होतं. बाई गेल्यावर ती नीलला म्हणाली, “ऐक. तुझ्या हातात नसताना तो एकदा जरी त्या पेटीच्या बाहेर दिसला, की जाणार. का, कसा, कुणामुळे, मी काही विचारणार नाही.”

नील म्हणाला, “फेअर.”

तेव्हापासून नील घरात दुसरी नोकरी करतो असं म्हटलं तरी चालेल. डेरेकची पेटी वरच्या मजल्यावर छोट्या खोलीत. खोलीला मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर कडी. पेटीला दोन सरकत्या काचा आणि त्यांना कुलूप; किल्ली नीलच्या गळ्यात. डेरेकच्या पाण्याचा वाडगा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधी आला नाही, त्याची बादली वेगळी आहे. त्याच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीजरमध्ये, आणि त्या फ्रीजरमध्ये वाटाणेसुद्धा ठेवायचे नाहीत. सिया पाच वर्षांची झाल्यावर तिला एक बोट लावायची परवानगी मिळाली, तेही नीलनं सापाचं डोकं आपल्याकडे धरलेलं असताना. लगेच साबणानं हात. धाकटा विहान तीन वर्षांचा आहे. त्यानं उंबऱ्यातून ‘हॅलो डेरेक’ म्हणायचं आणि परत फिरायचं.

शिवाय कवायत होती. तीन महिन्यांनी एकदा नील जिन्यात उभा राहून ओरडायचा, “डेरेक आउट!” डेरेक पेटीतच असायचा. सियानं विहानला घेऊन मोठ्या पलंगावर चढायचं आणि पाय वर घ्यायचे. अक्षरानं दारांच्या फटीत टॉवेल कोंबायचे. माझ्याकडे टॉयलेटचं झाकण. मी कॉन्व्हेंटात वाढलेली, घंटा झाली की रांगेत उभं राहायची मला सवय. मला त्यात वावगं वाटलं नाही. अक्षरा मात्र दर वेळी म्हणायची, “नील, धिस इज सिली.” नील म्हणायचा, “ऑफ कोर्स. टॉवेल लाव.”

या वर्षी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर विहीणबाई आठवडाभर राहायला आल्या. नागपंचमी मंगळवारी होती. सकाळी त्यांनी जाहीर केलं की आज घरात विळी-सुरी नाही, तवा नाही, तळण नाही. अक्षरा टोस्ट खाऊन कामावर गेली. टोस्टर चालतो का, हे तिनं विचारलं नाही. पुरणाची दिंडं उकडायला ठेवून विहीणबाई पाटावर गंधानं नाग काढायला बसल्या. फणा काढून झाला आणि त्यांचा हात थांबला.

“यमुनाताई,” त्या मला म्हणाल्या, “इतकी वर्षं मी पाटावर गंधाचा काढतेय. आणि घरात खरा.”

“खरा आहे तो इथला आहे,” मी म्हटलं. “त्याला पंचमी कुठली?”

“त्याला नसेल, मला आहे.” त्यांनी हाक मारली. “नील! मला त्याची पूजा करायची आहे.”

नीलनं त्या दिवशी रजा घेतली होती. तो जिन्यात उभा राहिला. त्याची आई डेरेककडे जाते म्हणाली, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

“मम्मी, दूध नाही हां,” तो म्हणाला. “त्याचा पोट खराब होतो.”

“वाटी बाहेर ठेवीन.”

“कुंकू पण नाही. स्किनला.”

“काचेला लावीन. आणखी काही अटी? सोवळं नेसू का विचार त्याला.”

“हात धुवायचा. आधी आणि नंतर.”

“अरे, पूजेला बसताना हात धुवायचे हे तू मला शिकवतोस?”

पाट घेऊन सगळे वर गेलो. विहान उंबऱ्याबाहेर माझ्या मांडीवर, सिया दारात. विहीणबाईंनी काचेला हळदकुंकू लावलं, लाह्यांची आणि दुधाची वाटी पाटावर ठेवली. नंतर म्हणाल्या, मध्ये काच ठेवून कसला नमस्कार. नीलनं क्षणभर विचार केला, कुलूप काढलं, काच वीतभर सरकवली आणि आपला हात आडवा धरला. डेरेकनं डोकं उचलून विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाईंनी डोळे मिटून नमस्कार केला. नीलच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात उदबत्तीनं स्मोक अलार्म वाजला. असले अलार्म आमच्या घरात प्रत्येक खोलीला आहेत आणि एक वाजला की सगळे वाजतात. विहाननं भोकाड पसरलं. नीलनं काच ओढली, कुलूप-किल्ली आईच्या हातात दिली, “मम्मी, लॉक लाव,” म्हणाला आणि शिडी आणायला धावला. मी मुलांना घेऊन खाली आले. अलार्म बंद व्हायला बराच वेळ लागला. मग दिंडं झाली, तूप वाढलं, जेवणं झाली.

जेवल्यावर विहान सोफ्यावर झोपला. सिया पाटावरच्या लाह्या खायला वर गेली. थोड्या वेळानं वरून तिचा आवाज आला. ओरडली नाही ती, शाळेत हजेरी देतात तशी म्हणाली, “डॅडी, डेरेक आउट.”

“आज प्रॅक्टिस नाही, सिया.”

“आय नो. कुलूप पाटावर आहे.”

कुलूप आणि किल्ली खरंच पाटावर होती, लाह्यांच्या वाटीशेजारी. काच चार बोटं सरकलेली. धूर जावा म्हणून खोलीचं दारही सताड उघडं.

नीलनं विहानला सोफ्यावरून उचललं, त्याच्या अंगाखाली, उश्यांमध्ये, पांघरुणात बघितलं आणि वर पलंगावर सियाच्या ताब्यात दिलं. सियानं त्याचे पाय वर घेतले. मी टॉयलेटचं झाकण लावलं. टॉवेल कोंबायला अक्षरा नव्हती, म्हणून तेही मीच केलं. विहीणबाईंना कवायतीत काम नव्हतं. त्या जेवणाच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या आणि तिथून म्हणाल्या, “मी काच नीट लावली होती हो.”

“कुलूप?” मी विचारलं.

“आजच्या दिवशी नागाला कुलूप घालायचं? उद्या सकाळी लावणार होते.”

तेवढ्यात नील टॉर्च घेऊन खाली आला. ओटा, फ्रीजची मागची बाजू, वॉशिंग मशीन, बूट, सगळं त्यानं गुडघ्यांवर बसून एकेक करून बघितलं. चेहरा कामावर असतो तसाच. सापडला तो वरच्या मजल्यावर, बॉयलरशेजारच्या टॉवेल ठेवायच्या कपाटात. विहानच्या आंघोळीच्या टॉवेलवर वेटोळं घालून झोपला होता. टॉवेलला टोपी आहे आणि टोपीला बदकाची चोच.

नीलनं त्याला पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. नंतर कपाटातलं सगळं साठ डिग्रीवर धुवायला टाकलं, फळ्या पुसल्या, मुलांचे हात धुतले, आपले धुतले, आणि गॅरेजमध्ये जाऊन प्रवासाची पेटी घेऊन आला.

“हे काय?” विहीणबाईंनी विचारलं.

“डर्बीला एक लेडी आहे. जुने साप घेते. मी फोन केला.”

“अरे, पण सापडला ना तो? अक्षराला कशाला कळायला हवं?”

“मम्मी,” नील म्हणाला, “मी सेफ्टी इन्स्पेक्टर आहे.”

अक्षरा आली तेव्हा तिनं अजून कोटही काढला नव्हता, तोच नील म्हणाला, “डेरेक बाहेर आला. विहानच्या टॉवेलवर होता. कुलूप नव्हती. शनिवारी तो जाईल.”

अक्षरानं आधी वर जाऊन दोन्ही मुलं बघितली. खाली आली तेव्हा मशीन घरघरत होतं.

“कुलूप मी लावलं नाही,” विहीणबाई म्हणाल्या.

“मम्मी, मी म्हटलं होतं, कुणामुळे ते मी विचारणार नाही.”

“तू विचारू नकोस. मी सांगतेय. सण म्हणून नाही लावलं.”

“तुम्हाला तर तो कधीच नको होता.”

“नकोच होता. अजूनही नकोय.” विहीणबाईंनी पदर सारखा केला. “मुलगा घरात होता आणि जेवायला बोलवायला मला खिडकी वाजवावी लागायची. कुणाला आवडेल तसला प्राणी? पण इतकी वर्षं सांभाळलेला तो डर्बीच्या बाईकडे जाणार, तेही माझ्यामुळे? ते नाही. माझ्या घरी पाच वर्षांखालचं कोणी नाही. पासष्टच्या खालचंही नाही. तो माझ्याकडे येईल.”

नील बसला. “मम्मी, शेडमध्ये नाही चालणार. तो म्हातारा झाला.”

“शेडमध्ये कोण म्हणतंय? तुझी खोली आहे की.”

“आणि मुलं आली की?”

“खोलीला कडी लाव. उंच. मला शिकवू नकोस, तूच लाव येऊन. आणि हे बघ, उंदीर माझ्या घरात राहणार नाहीत. एकही नाही. तू घेऊन यायचे, तूच भरवायचे, भांडं तूच धुवायचं.”

“दोन आठवड्यातून एकदा खातो तो. दर दोन आठवड्यांनी यायला लागेल.”

“मग ये,” विहीणबाई म्हणाल्या. “मी कुठे जातेय?”

अक्षरानं माझ्याकडे बघितलं. मी धुतलेले टॉवेल काढायला गेले. ती म्हणाली, “ठीक आहे. या घरातून जातोय ना, मग माझं काही म्हणणं नाही.” मग तिनं कोट काढला आणि विचारलं, दिंडं उरली आहेत का.

शनिवारी डेरेक हाउन्सलोला गेला. प्रवासाची पेटी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेली होती. विहीणबाई पुढे बसल्या आणि निघताना एकदा मागे वळून पट्टा लागलाय ना ते बघितलं. छोट्या खोलीत आता विहानची पुस्तकं आहेत. कवायत बंद झाल्याचं सियाला फार वाईट वाटलं. नीलनं तिला आगीची कवायत सुरू करून दिली.

आता एका आड एका शनिवारी नील उंदरांची थंड पिशवी घेऊन सकाळीच एम-वन हायवेला लागतो. कधी सिया बरोबर जाते. डेरेकचं खाणं चटकन आटपतं, पण नील यायला रात्र होते. येताना डबा असतो. त्याचं मराठी किंचित सुधारलं आहे, असं मला वाटतं. अक्षराला वाटत नाही.

गेल्या वेळी ल्युटनपाशी अपघात होऊन रस्ता तुंबला होता. सकाळी अकरा वाजता विहीणबाईंचा मला फोन आला.

“नील निघाला का हो?”

“केव्हाच. अडकला असेल वाटेत.”

“नाही, मला काही नाही,” त्या म्हणाल्या. “तो डेरेक बिचारा कधीचा वाट बघतोय.”

साप वाट बघत नाही. जेवण उशिरा आलं तर त्याला पत्ताही नसतो, हे नीलनं मला अनेकदा समजावून सांगितलं आहे. मी विहीणबाईंना म्हटलं, येईलच आता, भात टाकायला हरकत नाही.